दिव्यापलीकडची नाइटिंगेल

फ्लॉरेन्स नाइटिंगेल म्हटलं की हातात दिवा घेतलेली बाई आठवते. पण मला विचाराल तर ती आधी मॅनेजर होती, आणि तीही एकदम कडक!

जन्म १८२०, श्रीमंत इंग्रज घराणं. नर्सिंगला घरच्यांचा जाम विरोध. तरी १८५३ मध्ये लंडनच्या हार्ले स्ट्रीटवरच्या एका छोट्या हॉस्पिटलची ती सुपरिंटेंडेंट झाली. नर्सचा वेळ जिने चढण्यात जाऊ नये म्हणून तिने मजल्यामजल्यावर गरम पाणी आणि जेवण वर न्यायला लिफ्ट मागितली. (हॉस्टेलवाल्यांनी नोंद घ्यावी.)

नोव्हेंबर १८५४. क्रिमियन युद्ध चालू होतं. ३८ नर्सेस घेऊन ती तुर्कस्तानात स्कुटारीला पोचली. डॉक्टर लोक मदत घ्यायलाच तयार नव्हते. तिने भांडण केलं नाही, नर्सेसना थांबवून ठेवलं. जखमींची रीघ लागली तेव्हा डॉक्टरांनीच बोलावलं. मग शर्ट, चादरी, स्वयंपाकघर, धोबीखाना, सगळं तिने उभं केलं.

तरी माणसं मरतच होती! फेब्रुवारी १८५५ मध्ये मृत्यूचं प्रमाण ४२ टक्क्यांवर गेलं. मार्चमध्ये सॅनिटरी कमिशनने तुंबलेली गटारं साफ केली आणि जूनपर्यंत ते २ टक्क्यांच्या आसपास आलं. परतल्यावर विल्यम फारसोबत आकडे तपासताना तिला हे नीट उमगलं. इतकी सेवा करूनही माणसं घाणीने गेली होती. तिने ते लपवलं नाही, उलट १८५८ मध्ये रंगीत आकृत्या काढून सरकारपुढे ठेवलं.

१८६० मध्ये सेंट थॉमस हॉस्पिटलमध्ये तिची नर्सिंग शाळा निघाली. स्वतः आजारी, बरीच वर्षं अंथरुणावर, पण पत्रांवर कारभार चालूच. भारतात कधी न येता इथल्या लष्करी छावण्यांच्या स्वच्छतेचाही तिने पिच्छा पुरवला. १९१० मध्ये ती गेली.