विश्लेषण : जगातील पहिल्या महिला परराष्ट्रमंत्र्याला तिच्याच पक्षाने का संपवले? कोण होत्या आना पाउकर?

सप्टेंबर १९४८ मध्ये अमेरिकेतील ‘टाइम’ साप्ताहिकाच्या मुखपृष्ठावर रोमानियाच्या परराष्ट्रमंत्री आना पाउकर झळकल्या. जगातील सर्वांत शक्तिशाली महिलांमध्ये त्यांची गणना होत होती. मात्र अवघ्या चार वर्षांत पक्षाने त्यांची सर्व पदे काढून घेतली. पुढे मृत्यूनंतर स्टालिनकालीन दडपशाहीचे खापरही त्यांच्यावरच फोडले गेले. हे कसे घडले, याविषयी…

सुरुवात कशी झाली?

आना यांचा जन्म १८९३ मध्ये मोल्डाव्हिया प्रांतातील कोडेश्ती या गावी गरीब, सनातनी ज्यू कुटुंबात झाला. तरुणपणी त्यांनी बुखारेस्टमध्ये ज्यू मुलांना हिब्रू शिकवले. समाजवादी चळवळीतून त्या कम्युनिस्ट पक्षात आल्या आणि मार्सेल पाउकर या सहकाऱ्याशी त्यांनी विवाह केला. १९२१ मध्ये स्थापन झालेल्या या पक्षावर १९२४ मध्येच बंदी आली. त्यानंतरची वर्षे भूमिगत काम आणि परदेशातील वास्तव्यात गेली. १९३५ मध्ये बुखारेस्टमध्ये अटकेवेळी त्यांच्या पायाला गोळी लागली. पुढच्या वर्षी क्रायोव्हा येथील खटल्यात त्यांना १० वर्षांची शिक्षा झाली.

पतीला पकडून दिल्याचा आरोप खरा होता का?

मार्सेल यांना १९३७ मध्ये मॉस्कोत अटक झाली आणि १९३८ मध्ये स्टालिनच्या शुद्धीकरण मोहिमेत गोळ्या घालण्यात आल्या. आना यांनीच पतीविरुद्ध चुगली केली, ही अफवा पुढे जगभर पसरली. प्रत्यक्षात १९३५ पासून त्या रोमानियाच्या तुरुंगात होत्या. १९४१ मध्ये कैद्यांच्या अदलाबदलीत त्यांची सुटका होऊन त्या सोव्हिएत संघात पोहोचल्या. ज्या राजवटीने पतीला मारले, तिच्यावरील त्यांची निष्ठा मात्र ढळली नाही.

सत्तेपर्यंत कशा पोहोचल्या?

सप्टेंबर १९४४ मध्ये लाल सैन्यापाठोपाठ त्या मायदेशी परतल्या, तेव्हा पक्षाचे सदस्य जेमतेम हजारभर होते. पक्षात दोन गट होते. एक मॉस्कोहून परतलेल्यांचा. पाउकर आणि वासिले लुका त्याचे नेते. दुसरा देशातील तुरुंगात वर्षे काढलेल्यांचा. त्याचे नेते रेल्वे कामगार गेओर्गे गेओर्गिऊ-देज. ऑक्टोबर १९४५ मध्ये सरचिटणीसपद देज यांना मिळाले. ज्यू, महिला आणि मॉस्कोहून आलेली व्यक्ती सर्वोच्च पदावर नको, असा त्यामागचा हिशेब होता. पाउकर यांनीही तो स्वीकारला. मात्र पक्षातील खरी ताकद त्यांच्याकडेच असल्याचा समज होता. नोव्हेंबर १९४७ मध्ये त्या परराष्ट्रमंत्री झाल्या. आधुनिक काळात हे पद सांभाळणाऱ्या त्या जगातील पहिल्या महिला मानल्या जातात.

वाद कोणते होते?

सदस्यसंख्या वाढवण्यासाठी त्यांनी फॅसिस्ट ‘आयर्न गार्ड’च्या सामान्य कार्यकर्त्यांनाही पक्षात घेतले. हा निर्णय पुढे त्यांच्यावर शेकला. विरोधकांना चिरडणाऱ्या राजवटीच्या त्या अग्रणी होत्या, हेही नाकारता येत नाही. मात्र शेतीच्या सामूहिकीकरणात त्यांनी जबरदस्तीला विरोध केल्याचे पुढे खुल्या झालेल्या पक्षाच्या दप्तरातून दिसते. १९५० मध्ये त्या कर्करोगावर उपचार घेत असताना सक्तीला वेग देण्यात आला, परतल्यावर त्यांनी त्यावर टीका केली. याच काळात सुमारे एक लाख ज्यूंना इस्रायलला जाऊ देण्याच्या धोरणामागेही त्या होत्या.

पतन कसे झाले?

मे १९५२ मध्ये स्टालिनच्या संमतीने देज यांनी डाव साधला. पाउकर, अर्थमंत्री लुका आणि गृहमंत्री तेओहारी जॉर्जेस्कू यांना नेतृत्वातून दूर करण्यात आले. शेतकऱ्यांबाबत मवाळ धोरण ठेवल्याचा ठपका पाउकर यांच्यावर होता. त्यानंतर वर्षअखेरीस प्राग येथे रुडॉल्फ स्लान्स्की खटल्यात ११ जणांना फाशी झाली. त्यात बहुतेक ज्यू होते. फेब्रुवारी १९५३ मध्ये पाउकर यांनाही अटक झाली. पण ५ मार्चला स्टालिनचा मृत्यू झाला आणि एप्रिलमध्ये त्यांची तुरुंगातून सुटका झाली. लुका मात्र १९६३ मध्ये तुरुंगातच मरण पावले.

मृत्यूनंतर काय घडले?

पुढे पाउकर एका सरकारी प्रकाशनगृहासाठी फ्रेंच आणि जर्मन पुस्तकांचे भाषांतर करत राहिल्या. १९६० मध्ये कर्करोगाने त्यांचे निधन झाले. पुढच्याच वर्षी ख्रुश्चेव्ह यांनी मॉस्कोत स्टालिनवर पुन्हा हल्ला चढवताच देज अडचणीत आले. रोमानियात स्टालिनवादाचा शेवट १९५२ मध्ये पाउकर गटाला हटवूनच झाला, असा दावा त्यांनी केला. वस्तुतः ती कारवाई स्टालिनच्या संमतीनेच झाली होती आणि सामूहिकीकरणाची सक्ती त्यानंतरही सुरू राहिली. ते १९६२ मध्ये पूर्ण झाल्याचे जाहीर झाले. उत्तर द्यायला पाउकर हयात नव्हत्या. देज १९६५ मध्ये मृत्यूपर्यंत सत्तेत राहिले आणि त्यांच्यानंतर निकोलाय चाउसेस्कू आले. १९८९ मध्ये ही राजवट कोसळल्यावर पक्षाची दप्तरे अभ्यासकांसाठी खुली झाली, तेव्हा कुठे पाउकर यांची दुसरी बाजू समोर आली. त्यांनी उभारलेल्या व्यवस्थेत कट्टर आणि मवाळ कोण, हे धोरणांवरून नव्हे, तर सत्ता कोणाकडे आहे यावरून ठरत होते. त्यांच्या निष्ठेनेही त्यांना वाचवले नाही.