राउटरवरचं नाव : हर्ट्झ

राउटरवरचे सगळे दिवे हिरवे. लॅपटॉपच्या कोपऱ्यात वायफायची खूण दिसतेय, तीसुद्धा पूर्ण भरलेली. आणि तरीही नेट काही चालत नाही! मग घरोघरी एकच उपचार होतो. राउटर बंद करून चालू करा, अँटेना वाकडी करा, लॅपटॉप रीस्टार्ट करा, पासवर्ड पुन्हा टाका, आणि हे सगळं एकदमच करा. पाच मिनिटांनी नेट चालू होतंही. पण कशामुळे झालं? देव जाणे! म्हणूनच पुढच्या आठवड्यात पुन्हा पहिले पाढे पंचावन्न.

त्याच राउटरच्या खोक्यावर २.४ गिगाहर्ट्झ, ५ गिगाहर्ट्झ असं काहीतरी छापलेलं असतं. यातला ‘हर्ट्झ’ आपण शाळेपासून फ्रिक्वेन्सीचं युनिट म्हणून पाठ केलाय. पण मित्रांनो, तो एक हाडामांसाचा माणूस होता. जेमतेम ३६ वर्षं जगला. आणि बिघाड कसा शोधायचा हे शिकायचं असेल, तर त्याच्यासारखा गुरू नाही.

हाइन्रिख हर्ट्झचा जन्म २२ फेब्रुवारी १८५७ रोजी जर्मनीतल्या हॅम्बुर्ग शहरात झाला. वडील वकील. पोरगा अभ्यासात हुशार, अरबी भाषासुद्धा शिकला. पण हात सतत सुतारकामात आणि लेथवर. असं सांगतात की पुढे तो प्रोफेसर झाल्याचं कळल्यावर त्याला लेथ शिकवणारा कारागीर हळहळला होता, की एक चांगला टर्नर वाया गेला!

आपल्यासारखाच हर्ट्झही आधी इंजिनिअरिंगला गेला. फ्रँकफर्टमध्ये बांधकामाच्या कामाचा अनुभव घेतला, ड्रेस्डेनच्या पॉलिटेक्निकमध्ये शिकला, मग वर्षभर लष्करी सेवा केली. १८७७ मध्ये म्युनिकला पुढचं शिक्षण घ्यायला पोचला आणि तिथे त्याचं मन पालटलं. आपल्याला फिजिक्सच करायचंय असं त्याने वडिलांना पत्राने कळवलं, त्यांची परवानगी घेतली आणि वाट बदलली. १८७८ मध्ये तो बर्लिनला हेल्महोल्ट्झ या दिग्गज शास्त्रज्ञाकडे गेला. १८८० मध्ये डॉक्टरेट झाली, तेव्हा वय होतं फक्त २३.

त्या काळी मॅक्सवेलची समीकरणं कागदावर होती. प्रकाश म्हणजे विद्युतचुंबकीय लहर आणि अशाच लांब, न दिसणाऱ्या लहरीही असू शकतील, असं त्यांतून निघत होतं. पण प्रत्यक्षात लहर दाखवणार कोण? मॅक्सवेल १८७९ मध्ये वारला. त्याच वर्षी हेल्महोल्ट्झने या विषयाशी जोडलेला एक बक्षिसाचा प्रश्न हर्ट्झला सुचवला. हर्ट्झने हिशोब मांडला, हाताशी असलेल्या साधनांनी हे जमणार नाही असं त्याला दिसलं आणि त्याने तो सरळ बाजूला ठेवला.

१८८५ मध्ये तो कार्ल्सरूए इथल्या टेक्निकल कॉलेजात प्रोफेसर म्हणून आला. पुढच्या वर्षी त्याचं लग्न झालं, आणि त्याच १८८६ च्या शरद ऋतूत नशीब उघडलं. वर्गात दाखवायच्या प्रयोगासाठी तारेची दोन वेटोळी होती. एकात छोटी ठिणगी पाडली की दुसऱ्यातही ठिणगी पडते, हे त्याला दिसलं. दुसरा कोणी ‘वा, छान’ म्हणून पुढे गेला असता. हर्ट्झ तिथेच थांबला. सात वर्षांपूर्वी बाजूला ठेवलेला प्रश्न आता सुटू शकेल, हे त्याच्या ध्यानात आलं.

त्याचा ट्रान्समीटर म्हणजे इंडक्शन कॉइलला जोडलेल्या दोन दांड्या आणि मधल्या फटीत पडणारी ठिणगी. रिसीव्हर म्हणजे तारेचं एक कडं, त्यातही बारीक फट. ना ऑसिलोस्कोप, ना अँप्लिफायर. अंधारात डोळे ताणून ती इवलीशी ठिणगी दिसते का, बघत बसायचं!

आणि इथेच बिघाड आला. ठिणगी नीट दिसावी म्हणून त्याने रिसीव्हरच्या फटीभोवती काळं खोकं लावलं, तर ठिणगी आखूडच झाली. खरं तर खोक्याचा लहरींशी संबंध नव्हता. मग हर्ट्झने काय केलं? खोक्याची एकेक बाजू काढून पाहिली. दोष फक्त ट्रान्समीटरच्या ठिणगीकडच्या बाजूत निघाला. तिथे काच ठेवली, तरी परिणाम तोच. क्वार्ट्झ ठेवला, तर ठिणगी पुन्हा लांब! म्हणजे पहिल्या ठिणगीतून येणारा, काच अडवते पण क्वार्ट्झ अडवत नाही असा अतिनील प्रकाश दुसऱ्या ठिणगीला मदत करत होता. १८८७ मध्ये त्याने हे प्रसिद्ध केलं आणि तो परत लहरींकडे वळला. यालाच आपण आज फोटोइलेक्ट्रिक इफेक्ट म्हणतो. त्याचं स्पष्टीकरण आइन्स्टाइनने १९०५ मध्ये दिलं. एका त्रासदायक बिघाडातून केवढं घबाड निघालं बघा!

दुसरा बिघाड जागेचा. लहरींची लांबी मोजायला त्याने कॉलेजचा लेक्चर हॉल घेतला. १५ मीटर लांब, १४ मीटर रुंद. पण आत लोखंडी खांबांच्या रांगा, त्या भिंतीसारख्या वागणार. म्हणून त्याने मधली साडेआठ मीटर रुंदीच वापरली, लोंबकळणारे गॅसचे पाइप आणि दिवे काढायला लावले, समोरच्या भिंतीवर जस्ताचा मोठा पत्रा लावला. जाणारी आणि परत येणारी लहर एकमेकांत मिसळून कुठे ठिणगी जोरात, कुठे गायब. एवढं करूनही हवेतला वेग तारेतल्या वेगापेक्षा बराच जास्त आला, आणि हे मॅक्सवेलच्या हिशोबात बसत नव्हतं. हर्ट्झने आकडे मॅक्सवेलला सोयीचे करून घेतले नाहीत, आले तसेच छापले. १८९३ मध्ये जिनिव्हात खूप मोठ्या हॉलमध्ये हाच प्रयोग झाला, तेव्हा दोन्ही वेग सारखे निघाले.

पुढे त्याने लहर आखूड केली, सुमारे ६६ सेंटिमीटर. जस्ताच्या पत्र्याचे पॅराबोलिक आरसे केले, सुमारे ६०० किलो डांबराचा प्रिझम ओतला. ती लहर लाकडी दारातून आरपार गेली, पत्र्यावरून परतली, प्रिझममध्ये वळली. वाटेत मदतनीस आडवा आला की ठिणगी विझायची! समांतर तारांची चौकट एका दिशेने धरली तर लहर जायची, काटकोनात फिरवली तर अडायची.

आता आपल्या घरातला राउटर बघा. २.४ गिगाहर्ट्झची लहर साडेबारा सेंटिमीटर लांब. लाकडी दार चालतं, पण लोखंडी कपाट म्हणजे हर्ट्झचा पत्रा. भिंतींवरून परतलेल्या लहरींमुळे चार बोटं लॅपटॉप सरकवला तरी सिग्नल बदलतो, ही त्याच्या हॉलमधलीच गोष्ट. अँटेनाची दिशा का महत्त्वाची, ते तारांची चौकट सांगते.

आणि बिघाड शोधायचा तो त्याच्याच पद्धतीने. एका वेळी एकच गोष्ट बदला. आधी लॅपटॉप केबलने राउटरला जोडा. तरी नेट नाही? मग बहुतेक दोष हवेत नाही, राउटरमध्ये किंवा बाहेरच्या लाइनमध्ये आहे. वायफायची भरलेली खूण फक्त लॅपटॉप ते राउटर एवढंच सांगते, पुढचं तिला ठाऊक नसतं. केबलवर चालतंय? मग त्याच जागी मोबाइलवर वायफाय लावून बघा. मोबाइलवर चाललं तर लॅपटॉपकडे वळा : वायरलेसचं बटण, ड्रायव्हर, साठवलेला जुना पासवर्ड. दोन्हीवर अडतंय? लॅपटॉप राउटरपासून दोन मीटरवर आणा. तिथे सुरळीत झालं तर गुन्हेगार भिंत नाहीतर कपाट. जवळही रखडत असेल तर शेजाऱ्यांचे राउटर किंवा चालू मायक्रोवेव्ह ओव्हन तपासा, २.४ च्या पट्ट्यात १, ६, ११ यांपैकी मोकळं चॅनेल निवडा. प्रत्येक वेळी काय बदललं आणि काय झालं, ते लिहून ठेवा.

हर्ट्झला मात्र या लहरींचा व्यवहारात उपयोग दिसला नव्हता. १८८९ मध्ये एका इंजिनिअरने यांच्यावर टेलिफोन चालेल का, असं विचारलं. आवाजाच्या फ्रिक्वेन्सीची लहर सुमारे ३०० किलोमीटर लांब, तिला आरसा लागेल खंडाएवढा, असा त्याचा हिशोब. हिशोब बरोबरच होता. उंच फ्रिक्वेन्सीच्या लहरीवर आवाज बसवून पाठवायची युक्ती अजून यायची होती.

१८८९ मध्येच तो बॉनला प्रोफेसर झाला. १८९२ पासून दुखणं मागे लागलं, ऑपरेशनं झाली, पण गुण आला नाही. १ जानेवारी १८९४ रोजी तो गेला. मागे पत्नी आणि दोन लहान मुली. त्याच वर्षी ऑलिव्हर लॉजने लंडनमध्ये त्याच्या कामावर व्याख्यान दिलं. ते वाचून कोलकात्यात जगदीशचंद्र बोसांनी मिलिमीटर लांबीच्या लहरींवर काम सुरू केलं. इटलीत मार्कोनीही याच वाटेला लागला.

१९३० मध्ये फ्रिक्वेन्सीच्या एककाला हर्ट्झचं नाव मिळालं. वायफायपर्यंतची सगळी इमारत ज्या पायावर उभी आहे, तो या माणसाने अंधारात बसून, खोक्याची एकेक बाजू काढत घातला. तेव्हा पुढच्या वेळी नेट गेलं, की सगळी बटणं एकदम दाबू नका. एक दाबा आणि बघा.