उत्प्रेरकामागचा माणूस

मळीचा वास लोणंदच्या माणसाला नवा नाही. नीरेच्या खोऱ्यात ऊस आहे, साखर कारखाने आहेत, मळीपासून मद्यार्कही होतो. पण या मद्यार्काचे दारूखेरीज आणखी काय होऊ शकते, याचे उत्तर पुण्यात ज्यांच्या कारकिर्दीत शोधले गेले, त्या डॉ. एल. के. दोराईस्वामींचे नाव आमच्या भागात मला कधी फारसे ऐकू आले नाही. रसायन अभियांत्रिकीच्या जगात मात्र ते मोठे नाव.

जन्म १९२७ चा. अमेरिकेत विस्कॉन्सिन विद्यापीठात त्यांनी १९५२ साली डॉक्टरेट मिळवली आणि १९५४ मध्ये ते पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत रुजू झाले. प्रयोगशाळेला तेव्हा जेमतेम चार वर्षे झाली होती. तिथेच ते पस्तीस वर्षे रमले. त्यांपैकी १९७८ ते १९८९ संचालक म्हणून.

त्यांचा विषय उत्प्रेरण. उत्प्रेरक म्हणजे सोयरीक जुळवणारा मध्यस्थ. लग्न लावून देतो, स्वतः बोहल्यावर चढत नाही. चंचुपात्रात हे लग्न सुखाने लागते, कारखान्यातल्या उंच मनोऱ्यात मात्र गोंधळ होतो. तिथे निर्माण झालेली उष्णता बाहेर पडत नाही, वायू उत्प्रेरकाच्या कणाच्या आत पोचत नाही, उत्प्रेरक जळतो. हे सारे आधीच गणिताने कसे ओळखायचे, यात दोराईस्वामींनी आयुष्य घातले. मुंबईच्या डॉ. मनमोहन शर्मांबरोबर १९८४ साली लिहिलेला त्यांचा दोन खंडी ग्रंथ परदेशी विद्यापीठांतही वापरला गेला.

पण ग्रंथापेक्षा मला धाडस मोठे वाटते ते त्यांच्या संचालकपदाच्या काळातले. डेहराडूनहून आलेल्या पॉल रत्नसामींच्या गटाने झिओलाइट जातीचा एक उत्प्रेरक घडवला. त्यातली छिद्रे मिलिमीटरच्या सुमारे वीस लाखाव्या भागाइतकी. नेमक्या आकाराचा रेणूच त्यातून सुटतो. पॉलिस्टरसाठी लागणारे पॅरा-झायलीन असेच मिळते. प्रयोगशाळेच्या आद्याक्षरांवरून त्याचे नाव एन्सिलाइट ठेवले. देशी उत्प्रेरक आपल्या संयंत्रात घालायला कोण तयार होणार? तो फसला तर सगळा कारखाना थांबतो. बडोद्याच्या आयपीसीएलने ती जोखीम घेतली आणि १९८५ साली तो तिथे चालू झाला.

याच वाटेने पुढे अल्बीन प्रक्रिया आली. प्लॅस्टिकसाठी लागणारे इथाइलबेंझिन त्यात खनिज तेलातल्या इथिलीनऐवजी थेट मद्यार्कापासून होत असे. उसाच्या मळीतून प्लॅस्टिक! त्याच वर्षी, १९८५ मध्ये, न्यूझीलंडमध्ये याच कुळातल्या झिओलाइटवर मिथेनॉलपासून पेट्रोल बनू लागले होते. इंधन आणि प्लॅस्टिक या एकाच घराच्या दोन खोल्या आहेत, हे तेव्हाच दिसून आले.

१९८९ नंतर दोराईस्वामी आयोवा स्टेट विद्यापीठात शिकवायला गेले. पुण्यात त्यांच्या जागी रघुनाथ माशेलकर आले. १९९० मध्ये त्यांना पद्मभूषण मिळाले. जून २०१२ मध्ये ते गेले.

ऊस पाणी किती पितो, हे माण-खटावच्या सीमेवर राहणाऱ्यांना कोणी सांगायला नको; मद्यार्काच्या गुणगानात मला तो हिशेब नेहमी कच्चा वाटतो. तरीही मे २०२३ मध्ये पुण्याहून दिल्लीला एक प्रवासी विमान गेले, त्याच्या इंधनात देशी कच्च्या मालापासून उत्प्रेरकाने बनवलेला अंश होता. फार नव्हे, एक टक्क्यापर्यंत.