जॉर्ज वॉशिंग्टन कार्व्हर : झिजलेल्या जमिनीचा शिक्षक

वीणा गवाणकर यांच्या ‘एक होता कार्व्हर’ या चरित्रामुळे हे नाव मराठी वाचकाला परके राहिलेले नाही. तथापि, भुईमुगापासून शेकडो पदार्थ तयार करणारा संशोधक एवढीच त्यांची ओळख अनेकांच्या मनात असते. त्यांच्या कार्याच्या मुळाशी असलेला प्रश्न वेगळा होता : ज्याच्या हाती पैसा नाही, त्याने आपले शेत आणि घर कसे सुधारावे?

कार्व्हर यांचा जन्म १८६४ च्या सुमारास अमेरिकेतील मिसुरी राज्यात, गुलामगिरीत झाला. तान्हेपणीच आईसह त्यांचे अपहरण झाले; मूल परत मिळाले, आई मात्र कधीच सापडली नाही. मोझेस व सुझन कार्व्हर या मालक दांपत्याने त्यांना वाढवले. पुढे एका महाविद्यालयाने केवळ वर्णामुळे त्यांना प्रवेश नाकारला. तरीही जिद्दीने शिकत त्यांनी आयोवा येथील कृषी महाविद्यालयातून १८९४ मध्ये पदवी आणि १८९६ मध्ये पदव्युत्तर पदवी मिळवली. त्याच वर्षी बुकर टी. वॉशिंग्टन यांच्या निमंत्रणावरून ते अलाबामातील टस्कीगी येथे रुजू झाले.

तेथील जमीन वर्षानुवर्षे घेतलेल्या कापसाने निःसत्त्व झाली होती. विकतचे खत बहुतेक शेतकऱ्यांच्या आवाक्याबाहेर होते. म्हणून कार्व्हर यांनी जंगलातील पालापाचोळा आणि दलदलीतील गाळ यांपासून खत करण्यास शिकवले. कापसानंतर चवळी, भुईमूग यांसारखी शेंगवर्गीय पिके घेतल्यास त्यांच्या मुळांवरील गाठींतील जिवाणू हवेतील नत्र जमिनीत आणतात. ही पिकांची फेरपालट त्यांनी प्रयोगशेतावर करून दाखवली. नव्या पिकांना घरात उपयोग आणि बाजारात मागणी हवी, या गरजेतून भुईमूग व रताळी यांवरील त्यांचे प्रयोग वाढले.

घराचा विचारही त्यांनी याच दृष्टीने केला. परिसरातील रंगीत माती चाळून, भिजवून तिच्यापासून भिंतींसाठी स्वस्त रंग कसा करावा, हे त्यांनी १९११ च्या पुस्तिकेत सांगितले. त्यांच्या पुस्तिकांची भाषा जाणीवपूर्वक साधी होती. ज्यांना वाचता येत नव्हते, त्यांच्यासाठी १९०६ पासून अवजारे व बियाणे घेऊन ‘जेसप वॅगन’ ही फिरती शाळा गावोगाव जाऊ लागली.

या कार्याला मर्यादाही होती. बहुसंख्य कृष्णवर्णीय शेतकरी दुसऱ्याच्या जमिनीवर वाट्याने राबत. जमीनमालक व सावकार यांना कर्जाच्या हमीसाठी कापूसच हवा असे. शिवाय सुधारलेली जमीन पुढच्या वर्षी आपल्याकडे राहीलच, याची खात्री कुळाला नसे. मातीचा कस वाढवण्याचे ज्ञान कार्व्हर देऊ शकत होते. जमिनीची मालकी देणे त्यांच्या हाती नव्हते.

५ जानेवारी १९४३ रोजी टस्कीगी येथेच त्यांचे निधन झाले. तत्पूर्वी आयुष्यभराची बचत त्यांनी संशोधनासाठी देऊन टाकली होती. गरिबाच्या अंगणातच साधनांचा शोध घेणारे शिक्षण, हा त्यांच्या चरित्राचा गाभा होय.

विचार करा : ज्ञान असूनही जमिनीवर हक्क नसेल, तर शेती कितपत सुधारू शकते? आपल्या परिसरातील एखाद्या उदाहरणाच्या आधारे लिहा.