सुरांच्या पायऱ्या मोजणारा डॉक्टर

सारेगम म्हणताना आपण सुरांच्या पायऱ्या चढत असतो. पण या पायऱ्या सारख्या उंचीच्या नसतात. सा ते रे हे अंतर मोठे, तर ग ते म आणि नि ते वरचा सा ही अंतरे लहान. असे का, याचे उत्तर कानाच्या रचनेत शोधणारे शास्त्रज्ञ पेशाने डॉक्टर होते. त्यांचे नाव हर्मन फॉन हेल्महोल्ट्झ.

त्यांचा जन्म ३१ ऑगस्ट १८२१ रोजी जर्मनीतील पॉट्सडॅम येथे झाला. वडील शिक्षक, घरची स्थिती बेताची. ओढा भौतिकशास्त्राकडे असूनही हर्मन यांनी बर्लिनच्या लष्करी वैद्यकीय संस्थेत प्रवेश घेतला. तिथे शिक्षणाचा खर्च सरकार करी. त्या बदल्यात सैन्यात डॉक्टर म्हणून नोकरी करावी लागे. पुढे त्यांनी बेडकाच्या मज्जातंतूतून संदेश जाण्याचा वेग मोजला आणि १८५१ मध्ये डोळ्याचा अंतर्भाग पाहण्याचे उपकरण जगापुढे आणले. नेत्रवैद्यकाचा चेहराच त्याने बदलला.

त्यानंतर ते कानाकडे वळले. कानाला पोकळ गोल लावून त्यांनी एकाच सुरात दडलेले अनेक सूर वेगळे ऐकले. कोणत्याही सुराबरोबर त्याच्या दुप्पट, तिप्पट, चौपट कंपनांचे उपस्वरही वाजत असतात. दोन सुरांचे उपस्वर एकमेकांशी जुळले, तर ते सूर एकत्र गोड लागतात. जवळ येऊनही जुळले नाहीत, तर आवाज थरथरतो. ही थरथर सेकंदाला तीसएक वेळा झाली की कानाला खरखर जाणवते, असे त्यांनी दाखवले.

आता हाच हिशेब सरगमला लावू. सा सेकंदाला २४० कंपनांचा धरला, तर त्याच्याशी उत्तम जुळणारा ग ३०० चा, म ३२० चा आणि प ३६० चा. ग आणि म या दोघांची जागा सा ठरवतो. त्यांच्यामध्ये उरते ती चिंचोळी फट, म्हणजेच लहान पायरी. म ते प ही मोठी. गंमत म्हणजे मोठ्या पायऱ्याही दोन प्रकारच्या. सा ते रे (२४० ते २७०) आणि रे ते ग (२७० ते ३००) यांत फरक तीसचाच. पण कान वजाबाकी नव्हे, गुणोत्तर ऐकतो. त्यामुळे दुसरी पायरी किंचित लहान ठरते.

पियानोत मात्र सप्तकाचे बारा समान भाग केलेले असतात. त्यामुळे कोणत्याही पट्टीतून वाजवता येते. पण ग ३०० ऐवजी ३०२ च्या थोडा वर जातो. हेल्महोल्ट्झ यांना ही तडजोड खटके. पियानोवर रियाज करणाऱ्या गायकांचा कान बिघडतो, असे त्यांचे मत होते. त्यांनी शुद्ध अंतरांची हार्मोनियमही बनवून घेतली. मात्र स्वरसप्तक हा निसर्गाचा अटळ नियम आहे, असे त्यांनी म्हटले नाही. कोणते सूर जुळतात हे कान सांगतो. त्यांतून कोणते निवडायचे, हे प्रत्येक समाज व काळ ठरवतो, अशी त्यांची भूमिका होती.

हे सारे मांडणारा त्यांचा ग्रंथ १८६३ मध्ये प्रसिद्ध झाला. सुरांच्या अशाच मोजणीचा ध्यास पुढे आपल्याकडेही दिसतो. सांगलीचे कृष्णाजी बल्लाळ देवल यांचे बावीस श्रुतींवरील पुस्तक १९१० मध्ये आले.

हेल्महोल्ट्झ यांचे निधन ८ सप्टेंबर १८९४ रोजी झाले. अंतर्कर्णात पियानोच्या तारांसारखे तंतू असून प्रत्येक तंतू आपापल्या सुराला थरथरतो, ही त्यांची कल्पना पुढे बदलावी लागली. कानातल्या पडद्यावरून लाट सरकते, हे दाखवणाऱ्या गेऑर्ग फॉन बेकेशी यांना १९६१ चे नोबेल मिळाले. पण वेगवेगळ्या कंपनांना कानात वेगवेगळी जागा असते, हा गाभा टिकला. तानपुऱ्यावर लागलेला ग हार्मोनियमवर थोडा चढा वाटला, तर दोष तुमच्या कानाचा नाही.