आठव्या सिम्फनीची राख

फिनलंडमधील यार्वेनपा गावाबाहेर, पाइनच्या झाडीत ‘आइनोला’ नावाचे एक लाकडी घर उभे आहे. त्याच्या जेवणघरात हिरव्या रंगाची मोठी शेकोटी आहे. घराच्या धन्याला स्वरांमध्ये रंग दिसत आणि शेकोटीचा हा हिरवा त्याच्या लेखी ‘एफ मेजर’ या स्वरसप्तकाचा होता. १९४५ च्या सुमारास एके दिवशी याच शेकोटीत त्याने टोपलीभर हस्तलिखिते आणून जाळली. पत्नी आइनो थोडा वेळ थांबली आणि मग उठून बाहेर गेली. आगीत नेमके काय पडले, हे पाहण्याचे बळ तिला झाले नाही. सारे पाश्चात्त्य संगीतविश्व जिची वर्षानुवर्षे प्रतीक्षा करीत होते, ती जाँ सिबेलियसची आठवी सिम्फनी त्या टोपलीत होती, असे मानले जाते.

गुरुमुखातून शिष्याच्या गळ्यात उतरणाऱ्या बंदिशींवर वाढलेल्या आपल्यासारख्या श्रोत्यांना या घटनेचे गांभीर्य चटकन जाणवणार नाही. सिम्फनी ही मोठ्या वाद्यवृंदासाठी रचलेली, बहुधा अनेक भागांची प्रदीर्घ रचना. कोणत्या क्षणी कोणते वाद्य कोणता स्वर वाजवील, हे सारे कागदावर ठरलेले असते. तो कागद गेला की रचना गेली. ती आठवून गाणारा शिष्य मागे उरत नाही.

सिबेलियसचा जन्म ८ डिसेंबर १८६५ रोजी हामेनलिन्ना या छोट्या शहरात झाला. फिनलंड तेव्हा रशियाच्या झारच्या अमलाखालील स्वायत्त प्रदेश होता. वडील डॉक्टर होते. मुलगा अवघ्या अडीच वर्षांचा असताना ते साथीच्या तापाने दगावले आणि मागे कर्ज ठेवून गेले. घरची भाषा स्वीडिश, परंतु मुलाला घातले फिनिश माध्यमाच्या शाळेत. त्याचे मूळ नाव योहान. ‘जाँ’ हे फ्रेंच रूप त्याने आपल्या दर्यावर्दी काकांच्या भेटपत्रिकांवरून उचलले. त्याला व्हायोलिनवादक व्हायचे होते. हेलसिंकीत कायद्याचा अभ्यास अर्धवट टाकून तो संगीतसंस्थेत रमला, बर्लिन आणि व्हिएन्ना येथे शिकला. १८९१ मध्ये व्हिएन्ना फिलहार्मोनिकच्या वादक निवड चाचणीत मात्र तो नापास झाला. वादक होण्याचे स्वप्न तेथेच संपले.

परतल्यावर त्याने फिनलंडच्या ‘कालेवाला’ या लोकमहाकाव्याला हात घातला. त्यातील दुर्दैवी नायकावर आधारलेली ‘कुल्लेर्वो’ ही गायकवृंदासह रचना २८ एप्रिल १८९२ रोजी हेलसिंकीत सादर झाली आणि सव्वीस वर्षांचा सिबेलियस एका रात्रीत राष्ट्राचा संगीतकार ठरला. त्याच वर्षी आइनो यार्नेफेल्ट या फिनिश भाषेचा अभिमान बाळगणाऱ्या घराण्यातील मुलीशी त्याचा विवाह झाला. कोणताही तरुण रचनाकार ‘कुल्लेर्वो’चे यश वर्षानुवर्षे मिरवत बसला असता. सिबेलियसने पुढल्याच वर्षानंतर ती बाजूला ठेवली. ती पुन्हा संपूर्ण वाजली १९५८ मध्ये, त्याच्या निधनानंतर. ‘लेम्मिंकाइनेन’ या चार भागांच्या मालिकेतील ‘टुओनेलाचा हंस’ जगभर गाजला. पण तिचेच दोन भाग त्याने १९३५ पर्यंत अडवून धरले. हातचे परत घेण्याची ही सवय ध्यानात ठेवावी. शेकोटीपर्यंतची वाट येथूनच निघते.

‘फिनलंडिया’ मात्र त्याला परत घेता आली नाही. फेब्रुवारी १८९९ मध्ये झार निकोलस दुसरा याने फर्मान काढून फिनलंडच्या स्वायत्ततेवर घाला घातला. वृत्तपत्रांचा गळा आवळला गेला. त्या नोव्हेंबरमध्ये हेलसिंकीत एक समारंभ झाला. नाव पत्रकारांच्या निवृत्तिवेतन निधीचे, हेतू उघडच निषेधाचा. (निवृत्तिवेतनाच्या निमित्ताने पत्रकारांनी इतिहास घडविल्याची उदाहरणे तशी विरळाच!) फिनलंडच्या इतिहासातील दृश्ये रंगमंचावर सादर झाली, त्यांना सिबेलियसने संगीत दिले. अखेरचे दृश्य जाग्या होणाऱ्या फिनलंडचे होते. त्याचेच संगीत सुधारून १९०० मध्ये ‘फिनलंडिया’ झाले आणि रॉबर्ट काजानुसच्या वाद्यवृंदासह पॅरिसच्या जागतिक प्रदर्शनापर्यंत पोहोचले. रशियन अधिकाऱ्यांच्या नजरेतून वाचविण्यासाठी ते वेगवेगळ्या नावांनीही वाजविले गेले. जेमतेम आठ-नऊ मिनिटांची ही रचना आपल्या अधिक खोल कृतींना झाकून टाकते, याची खंत मात्र तिच्या कर्त्याला अखेरपर्यंत राहिली.

कीर्ती आली तरी पैसा येत नव्हता. १८९७ पासून सरकारी वर्षासन मिळत होते, पण हेलसिंकीतील उपाहारगृहांतल्या मैफली, शॅम्पेन आणि सिगार यांना ते पुरणारे नव्हते. नाटकासाठी लिहिलेला ‘वाल्स त्रिस्त’ पुढे जगभरच्या उपाहारगृहांत वाजला. त्याचे हक्क सिबेलियसने किरकोळ मोबदल्यात विकून टाकले होते. १९०० मध्ये धाकटी मुलगी किर्स्ती तापाने गेली. नवऱ्याला शहरापासून दूर नेल्याखेरीज निभाव नाही, हे आइनोने ओळखले असावे. १९०४ मध्ये कुटुंब आइनोलात राहायला गेले. बागेत भाजीपाला पिकविणे, मुलींना घरीच शिकविणे, देणेकऱ्यांना तोंड देणे, हे सारे तिनेच केले. नळातील पाण्याच्या आवाजाने लेखनात व्यत्यय येतो म्हणून सिबेलियस हयात असेपर्यंत त्या घरात नळ आला नाही. त्या पाण्याचे हंडे कोणी भरले, हा प्रश्न चरित्रकारांनी फारसा विचारलेला दिसत नाही.

येथेच त्याच्या उत्तम कृती आकाराला आल्या. १९०४ मध्ये फसलेला व्हायोलिन कॉन्सर्टो त्याने नव्याने लिहिला आणि १९०५ मध्ये बर्लिनमध्ये रिचर्ड स्ट्राउसच्या संचालनाखाली तो वाजला. व्हायोलिनवादक होऊ न शकलेल्या माणसाने व्हायोलिनवादकांची सत्त्वपरीक्षा पाहणारी रचना द्यावी, यात नियतीचा खट्याळपणा आहे. १९०८ मध्ये घशातील गाठीवर शस्त्रक्रिया झाली. मद्य आणि सिगार काही वर्षे सुटले. मृत्यूची ती सावली १९११ च्या चौथ्या सिम्फनीवर पडली. तिचे रूक्ष, तुटक स्वर ऐकून श्रोते गोंधळून गेले होते. १९१५ च्या वसंतात आइनोलावरून सोळा हंस उडत गेलेले त्याने पाहिले. पाचव्या सिम्फनीच्या शेवटच्या भागात शिंगवाद्यांतून उमटणारी भव्य, संथ चाल याच दर्शनाशी निगडित आहे. त्याच्या पन्नासाव्या वाढदिवशी ती सादर झाली. लोकांनी डोक्यावर घेतली, तरी सिबेलियसने ती दोनदा बदलली आणि १९१९ मध्ये कुठे तिला अंतिम रूप आले.

मध्यंतरी, १९१७ मध्ये, फिनलंड स्वतंत्र झाला. १९२४ मधील सातवी सिम्फनी म्हणजे एकाच अखंड ओघात वाहणारा, सुमारे वीस-बावीस मिनिटांचा प्रवास. १९२६ च्या ‘टापिओला’त उत्तरेकडील अरण्याचा घुमारा आहे. त्यानंतर मोठी रचना आली नाही. तो साठीचा होता आणि पुढे तीस वर्षांहून अधिक जगला.

आठवी सिम्फनी लिहिली जात होती, याला आधार आहे. बॉस्टनचे वाद्यवृंद संचालक सर्गे कुसेवित्स्की यांना पहिल्या प्रयोगाचे वचन मिळाले होते. १९३३ मध्ये पहिल्या भागाची काही पाने नक्कलनविसाकडे गेली होती. पुढे वचने लांबत गेली. हात थरथरत, त्यामुळे लेखन जड झाले होते. इंग्लंड-अमेरिकेत त्याला बेथोव्हेनच्या पंक्तीत बसविले जात होते. त्याच वेळी युरोपातील नव्या संगीताचे भाष्यकार त्याची कठोर निर्भर्त्सना करीत होते. नव्वदाव्या वर्षी तर रेने लीबोवित्स या समीक्षकाने त्याला जगातील सर्वांत वाईट रचनाकार ठरविणारी पुस्तिका काढली. परंतु बाहेरच्या टीकेपेक्षा त्याच्या आतील परीक्षक अधिक निष्ठुर होता, असे वाटते. ‘कुल्लेर्वो’ अडवून धरणारा तोच परीक्षक. आइनोच्या आठवणीनुसार, त्या दहनानंतर तिचा नवरा अधिक शांत दिसू लागला. तिने त्याला कधी दोष दिला नाही.

२० सप्टेंबर १९५७ रोजी मेंदूतील रक्तस्रावाने आइनोला येथेच सिबेलियसचे निधन झाले. वय ९१ होते. त्याच संध्याकाळी हेलसिंकीत माल्कम सार्जंट यांच्या संचालनाखाली पाचवी सिम्फनी वाजत होती. घराच्या बागेतच त्याचे दफन झाले. १९६९ मध्ये आइनोलाही त्याच्याच शेजारी विसावा मिळाला.

शेकोटीतून सारेच मात्र गेले नव्हते. हेलसिंकीतील ग्रंथालयात जमा झालेल्या त्याच्या कच्च्या टिपणांत आठव्या सिम्फनीचे वाटावे असे तीन लहान तुकडे अभ्यासकांना आढळले. ऑक्टोबर २०११ मध्ये हेलसिंकी फिलहार्मोनिकने जॉन स्टोरगार्ड्स यांच्या संचालनाखाली ते वाजविले. ते संपायला तीन मिनिटेही लागली नाहीत.