ठिणगीची वेळ साधणारा कारागीर

पंढरपूर - जुनी बुलेट सांभाळणारे हौशी चंद्रभागेकाठच्या या गावात आजही भेटतात. गाडी चालू होते, पण स्लोला ठरत नाही. सिग्नलजवळ थांबली की बंद पडते. किक मारावी तर ती उलटी बसते, अशी तक्रार घेऊन ते गॅरेजमध्ये येतात. अनेक जण आधी कार्बोरेटरचा स्क्रू पिळून पाहतात. जाणता मिस्त्री मात्र त्याला हात लावत नाही. तो प्रथम प्लग काढून त्याचा रंग पाहतो, मग पॉइंटचे झाकण उघडतो, त्यातील फट पात्याने मोजतो आणि ठिणगी नेमकी केव्हा पडते हे तपासतो. कार्बोरेटरची पाळी सर्वांत शेवटी येते.

ही ठिणगी वाहनांच्या इंजिनात भरवशाने आणि वेळेवर पाडण्याचे श्रेय ज्यांच्या कार्यशाळेला जाते, ते रॉबर्ट बॉश. त्यांचे नाव आज यंत्रांवर आणि फलकांवर सर्वत्र दिसते. पण या नावामागील माणूस आपल्याकडे फारसा परिचित नाही.

बॉश यांचा जन्म २३ सप्टेंबर १८६१ रोजी जर्मनीत उल्म शहराजवळील आल्बेक या गावी झाला. बारा भावंडांत ते अकरावे. वडील शेतकरी आणि खानावळीचे मालक होते. उल्म येथे त्यांनी सूक्ष्म यंत्रकामाची उमेदवारी केली. पुढे अमेरिकेत एडिसन यांच्या कारखान्यात आणि नंतर इंग्लंडमध्ये सीमेन्स कंपनीत त्यांनी अनुभव घेतला. मायदेशी परतून १५ नोव्हेंबर १८८६ रोजी त्यांनी स्टुटगार्टमध्ये स्वतःची कार्यशाळा उघडली. सोबतीला एक कारागीर आणि एक हरकाम्या पोरगा होता. भांडवल वारशातून मिळालेल्या दहा हजार मार्कांचे.

सुरुवातीची वर्षे कठीण गेली. विजेच्या घंटा, टेलिफोनची जोडणी, जे काम मिळेल ते बॉश करीत. गिऱ्हाइकांकडे ते सायकलवरून जात. १८९० नंतरच्या मंदीत तर बहुतेक कामगारांना रजा देण्याची वेळ आली. कार्यशाळा बुडते की काय, अशी स्थिती होती. तरीही निकृष्ट माल बाहेर पाठवायचा नाही, हा नियम त्यांनी मोडला नाही. पैसा गेला तरी चालेल, गिऱ्हाइकाचा विश्वास जाता कामा नये, अशी त्यांची धारणा होती.

१८८७ मध्ये एका गिऱ्हाइकाने जागेवर बसवलेल्या इंजिनासाठी मॅग्नेटो मागितला. लोहचुंबकाच्या साहाय्याने वीज निर्माण करून ठिणगी पाडणारे हे यंत्र. ते मुळात बॉश यांनी शोधलेले नव्हते. त्यांनी ते सुधारले आणि बनवू लागले. मात्र हा मॅग्नेटो संथ इंजिनासाठी होता. मोटारीची इंजिने त्याहून कितीतरी वेगाने फिरत. त्या काळी अनेक मोटारींत ज्योतीने तापवलेली नळी वापरून इंधन पेटवीत. त्यात आगीची भीती होती, आणि इंधन नेमके केव्हा पेटावे याची वेळ ठरवता येत नसे.

१८९७ मध्ये फ्रेडरिक सिम्स यांनी द दियाँ-बुताँ कंपनीची तीनचाकी मोटारसायकल स्टुटगार्टला आणली. तिच्या वेगवान इंजिनाला मॅग्नेटो बसवता येईल का, असा प्रश्न होता. मॅग्नेटोचा जड गाभा तेवढ्या वेगाने मागेपुढे हलणे शक्य नव्हते. बॉश यांचे सहकारी आर्नोल्ड त्सेरिंगर यांनी तोडगा काढला. गाभा स्थिर ठेवून त्याच्याभोवती हलके आवरण हलवायचे! प्रयोग यशस्वी झाला आणि मॅग्नेटो मोटारीत शिरला.

तरी एक अडचण उरलीच. ठिणगीसाठी सिलिंडरच्या आत हलणारे संपर्क लागत. ते झिजत आणि त्यांची वेळ चुके. १९०२ मध्ये गॉटलोब होनोल्ड यांनी उच्च दाबाचा मॅग्नेटो आणि त्याला जोडलेला स्पार्क प्लग सिद्ध केला. आता सिलिंडरच्या आत हलणारे काहीच राहिले नाही. पॉइंट उघडला की प्लगवर ठिणगी. वेळ बाहेरून लावता येऊ लागली. पंढरपूरचा मिस्त्री आज जो पॉइंट घासतो, त्याची परंपरा येथवर पोहोचते.

वेळेचे हे महत्त्व साधे आहे. पिस्टन वरच्या टोकाला पोहोचण्याच्या किंचित आधी ठिणगी पडावी लागते. फार आधी पडली तर इंजिन ठोकते आणि किक उलटी बसते. उशिरा पडली तर ते तापते आणि ओढ कमी होते. वेग वाढला की ठिणगी आणखी आधी हवी. जुन्या बुलेटमध्ये हे काम फिरत्या वजनांचे असते. त्यांच्या स्प्रिंगा सैल पडल्या तर रेस खाली बसत नाही आणि दोष मात्र कार्बोरेटरच्या माथी जातो.

धंदा भरभराटीला आल्यावर १९०६ मध्ये बॉश यांनी कामगारांना आठ तासांचा दिवस दिला. त्या काळी हे धाडसच होते. तरी १९१३ मध्ये त्यांच्या कारखान्यात कडवा संप झालाच. पहिल्या महायुद्धातील नफा त्यांनी सार्वजनिक कार्याला दिला. १९२१ मध्ये तरुण मुलाच्या मृत्यूचे दुःख त्यांनी सोसले. नाझी राजवटीत त्यांची कंपनी युद्धसामग्री बनवीत होती आणि तिने वेठबिगारही राबवली. त्याच वेळी हिटलरविरोधी गटाला आणि छळग्रस्त ज्यूंना तिने गुप्तपणे मदत केली. हा विरोधाभास त्यांच्या चरित्रातून वगळता येत नाही. १२ मार्च १९४२ रोजी बॉश यांचे निधन झाले, तेव्हा ज्या राजवटीचा त्यांना तिटकारा होता, तिनेच त्यांची सरकारी इतमामाने अंत्ययात्रा काढली. पुढे कंपनीची बहुतांश मालकी धर्मादाय संस्थेकडे गेली.

बॉशचा माल १९२२ पासून कोलकात्यात विकला जाऊ लागला. १९५१ मध्ये बंगळूरला मोटर इंडस्ट्रीज कंपनी, म्हणजे माइको, स्थापन झाली. नाशिकमध्ये तिचा कारखाना आला आणि तेथील चौकालाही माइको सर्कल हे नाव पडले. २००८ मध्ये कंपनीचे नाव बॉश झाले. पण जुने मिस्त्री अजूनही माइकोचा प्लगच मागतात.

पॉइंटची फट मिलिमीटरच्या तिसऱ्या हिश्श्याहून थोडी जास्त. एवढ्याशा फटीत गाडीचा सारा जीव असतो. ती नीट बसली, ठिणगी वेळेवर पडली, की स्लोला लावलेली बुलेट संथ, एकसारखा ठेका धरते. मिस्त्री हात पुसतो आणि मगच कार्बोरेटरच्या स्क्रूकडे वळतो.